एकच फेटा

माझ्या वर्गाच्या कपाटात हजेरीपटांच्या मागे एक फेटा ठेवलेला आहे. थोरल्या भावाच्या लग्नातला, गुलाबी, आता एका बाजूनं विटलेला. सुटू नये म्हणून आईनं त्याला आतून टाके घालून दिलेत, त्यामुळे तो टोपीसारखा चढवता-उतरवता येतो. नव्यानं बदलून आलेलं कुणी कपाट उघडतं आणि विचारतं, गॅदरिंगचा का हा? मी सांगते, इंग्रजी व्याकरणाचा.

त्याची गोष्ट सहावीच्या एका वर्गापासून सुरू झाली. कोल्हापुरातल्या पेठेतली मराठी माध्यमाची शाळा, वर्गात ५२ मुलं, आणि ५२ वह्यांत एकच चूक. ‘शी प्ले कबड्डी’. ‘माय फादर ड्राइव्ह रिक्षा’. शेवटचा ‘एस’ गायब. तो मी लाल शाईनं घालायचे, पुढच्या वहीत तो पुन्हा नाहीसा व्हायचा. ज्यांच्या तो लक्षात राहायचा ती मुलं प्रश्न विचारताना तो दोन्हीकडे लावायची: ‘डज शी प्लेज कबड्डी?’

मुलं लक्ष देत नाहीत, अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. एका रविवारी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले असताना पहिल्यांदा मुलांच्या बाजूनं विचार केला. मराठीत क्रियापद प्रत्येकासाठी रूप बदलतं. मी खेळतो, तू खेळतोस, ती खेळते, ते खेळतात. इंग्रजीत आय प्ले, यू प्ले, वुई प्ले, दे प्ले. एवढं बघून कुठलंही हुशार मूल म्हणेल की या भाषेत क्रियापद जागचं हलत नाही. आणि ते जवळजवळ खरंच आहे. एकट्या ‘ही’, ‘शी’, ‘इट’साठी काय तो एक ‘एस’, तोही बोलताना नीट ऐकू न येणारा. अर्थ तर त्याच्यावाचून कुठंच अडत नाही. ज्याच्यावाचून काही अडत नाही ते मुलांनी लक्षात का ठेवावं?

मग ते अडलं पाहिजे, असं माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तीन मुलांच्या गळ्यात पुठ्ठे अडकवले: ‘शी’, ‘प्ले’, ‘कबड्डी’. मुलांनी ओळीत उभं राहून स्वतःच वाक्य व्हायचं. पहिल्यांदा उभी राहिली ती मराठी क्रमानं, क्रियापद शेवटी. ‘प्ले’वाल्याला मधे यायला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘बाई, आमी कायम शेवटालाच असतोय की.’ किती नेमकं बोलला! मराठीत क्रियापद पंगतीतल्या यजमानासारखं, सगळ्यांचं झाल्यावर बसणारं. इंग्रजीत ते कर्त्याला खेटून उभं राहतं. पुस्तकात हे एका ओळीत असतं, पण त्या मुलाला ते पाच पावलं चालून कळलं.

‘शी’ एकटी आहे, तिच्या क्रियापदाच्या डोक्यावर फेटा चढणार. फेटा म्हणजे ‘एस’. चढवला. ‘शी प्लेज कबड्डी.’ आता प्रश्न करायचा. दारामागून ‘डू’ येतो. प्रश्नाच्या ओळीत फेटेवाल्याला मान सगळ्यांत पुढं, म्हणून ‘डू’ ‘प्ले’च्या डोक्यावरचा फेटा काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो आणि ‘शी’च्याही पुढं जाऊन उभा राहतो. तो आता ‘डज’ झाला. ‘प्ले’ बिचारा बोडका. ‘डज शी प्ले कबड्डी?’ दोनदा, तीनदा केलं. चौथ्यांदा ‘प्ले’वाल्यानं फेटा घट्ट धरून ठेवला, देईना. खेचाखेची सुरू झाली तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी ओरडली, ‘अरे सोड की! एका घरात एकच फेटा असतोय!’

त्या वर्गात मला पुन्हा कधी ‘डज शी प्लेज’ दिसलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. दिसलं. पण आता मी लाल शाई वापरत नव्हते. नुसतं विचारायचे, ‘किती फेटे?’ आणि मूल स्वतःच एक खोडायचं. नंतर ‘डिड’लाही तेच सूत्र चाललं. ‘डिड शी वेन्ट’ म्हणताना वर्गातलं कुणीतरी डोक्याला हात लावून दाखवायचं.

मी स्वतः इंग्रजी शिकले ती पाढ्यांसारखी. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी असायचं. गो-वेन्ट-गॉन, सी-सॉ-सीन, उभं राहून, हात मागे बांधून. दहावीला मी डायरेक्टचं इनडायरेक्ट करण्यात कधी चुकले नाही. कॉलेजात असताना अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारापाशी एका परदेशी बाईंनी मला रंकाळ्याला कसं जायचं ते विचारलं. मला रस्ता माहीत होता, शब्दही सगळे येत होते. तरी तोंडातून एक वाक्य निघालं नाही. शेवटी मी हातानं दाखवलं. त्या बाई हसून ‘थँक यू’ म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या पाठमोऱ्या छत्रीकडे बघत मी बराच वेळ तिथंच उभी होते.

त्याहून जास्त लागलेली गोष्ट मराठीतली आहे. कोल्हापुरात आम्ही मुली ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतो. आजीही म्हणायची, आईही म्हणते. पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले असताना मी वर्गात ‘सर, मी आलो’ म्हटलं आणि सगळे हसले. शिकवणाऱ्यांनी मला तीनदा ‘मी आले’ म्हणायला लावलं. त्या दहा दिवसांत मी तोंड उघडलं नाही. व्याकरण माणसाला गप्प कसं करतं, हे मी तिथं स्वतःच्या भाषेत शिकले. पुढे वर्गात ‘आय केम’ शिकवताना मला एक वेगळाच आनंद व्हायचा. ‘केम’ला लिंग नाही. मुलगा आला काय, मुलगी आली काय, ‘आय केम’. आमच्या पेठेतल्या मुलींना इंग्रजीत कुणी हसणार नव्हतं.

२००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी नोकरीत नवी होते. खेळ घ्या, कृती घ्या, असं आम्हाला सांगितलं गेलं. मी घेतला पहिला खेळ: सापशिडी. मोठ्या पुठ्ठ्यावर १०० घरं, मधूनमधून लाल चौकोन, तिथं आलं की व्याकरणाचा प्रश्न. उत्तर बरोबर असेल तरच पुढे. मुलं फासा टाकण्यात रंगून गेली, तास कसा गेला कळलं नाही. आणि शिकलं कुणीच काही नाही. लाल चौकोन आला की मुलांचे चेहरे पडायचे. मी रस्त्यात टोलनाके उभे केले होते. ज्या शहरानं पुढे टोल घालवायला रस्त्यावर उतरून लढा दिला, तिथल्या पोरांना टोल आवडावा कसा? ती सापशिडी व्याकरणाशिवायही तशीच्या तशी खेळता आली असती, हे कळायला मला दोन वर्षं लागली. फेट्याच्या खेळात फेटा काढला तर खेळच उरत नाही. पुढे कुठलाही खेळ घ्यायच्या आधी मी स्वतःला हेच विचारायला लागले: यातलं व्याकरण काढून घेतलं तर खेळ चालू राहतो का? चालत असेल तर तो मैदानावर बरा.

बाहेरचे खेळ शोधायला लागले आणि लक्षात आलं की सगळं घरातच आहे. ‘शिवाजी म्हणतो’ घ्या. अमेरिकेत जेम्स अ‍ॅशर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आज्ञा ऐकून अंगानं कृती करत भाषा शिकण्याची एक पद्धतच उभी केली. आमची पोरं ती अंगणात कधीपासून खेळताहेत. ‘शिवाजी सेज, सिट डाउन.’ नुसतं ‘सिट डाउन’ म्हटलं आणि बसला, तर आऊट. आणि त्या ‘सेज’मध्येही फेटा आहेच, शिवाजी एकटाच ना.

मुक्या अभिनयाचा खेळ तर आमच्या बोलीनंच सोपा केला. एकानं पुढे येऊन काहीतरी करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. ‘आर यू मिल्किंग अ बफेलो?’ गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार बघितलेल्या मुलाला तो अभिनय शिकवावा लागत नाही. अडचण वेगळी होती. ‘आय प्ले’ आणि ‘आय अ‍ॅम प्लेइंग’ यांत मुलांचा गोंधळ व्हायचा, कारण पुस्तकी मराठीत ‘मी खेळते’ दोन्हीकडे चालून जातं. ‘मी खेळत आहे’ असं घरी कोण बोलतं? पण कोल्हापुरात आम्ही विचारतो, ‘काय करालायस?’ आणि उत्तर येतं, ‘खेळालोय’, ‘जेवालोय’. रोजचं ते ‘खेळतो’, आत्ता चालू आहे ते ‘खेळालोय’. इंग्रजीतला तो अख्खा फरक आमच्या बोलीत आधीच करून ठेवलेला आहे. मी फळ्यावर ‘खेळालोय’ लिहिलं आणि त्याच्यासमोर ‘अ‍ॅम प्लेइंग’. वर्गात पहिल्यांदा कुणीतरी आपली घरची बोली फळ्यावर बघत होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, असलं लिवत्यात व्हय?’ लिहितात की. मी तर तेव्हापासून दरवर्षी लिहिते.

सगळ्यांत श्रीमंत खेळ मात्र ‘मामाचं पत्र हरवलं’. मुलं गोल बसतात, एक जण मागून फिरत रुमाल टाकतो. ‘मामाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं.’ हे इंग्रजीत करायला घेतलं आणि मी स्वतःच अडखळले. हरवलं, पण कुणी हरवलं? मराठीत पत्र आपलं आपण हरवतं आणि आपलं आपण ‘मला’ सापडतं. कुणावर बोट नाही. इंग्रजी विचारते: कुणी? ‘आय लॉस्ट इट’ म्हण, नाहीतर ‘इट इज लॉस्ट’ म्हणून कर्ता झाकून टाक, पण झाकतोयस हे दिसलं पाहिजे. सातवीतल्या एका मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘इंग्लिशमध्ये लई चौकशी असत्या बाई.’

मग चौकशीचाच खेळ केला. पत्र हरवलं आहे. गोलातल्या प्रत्येकाला फौजदार विचारणार, पत्र हरवलं तेव्हा तू काय करत होतास? ‘व्हॉट वर यू डूइंग?’ दोघांनी मिळून आधी एकच कहाणी ठरवायची, मग त्यांना वेगवेगळं उभं करायचं. एक म्हणाला ‘वुई वर ईटिंग मिसळ’ आणि दुसरा म्हणाला ‘वुई वर स्विमिंग’, की दोघं पकडले. इथं ‘वॉज’ आणि ‘वर’ यांतली चूक म्हणजे एकटा होता की दोघं होते, यातली चूक. ती फौजदार लगेच पकडायचा, मला काही बोलावं लागायचं नाही. मुलांचं सगळ्यांत लाडकं उत्तर होतं, ‘आय वॉज स्लीपिंग.’ त्यावर पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही म्हणून. ते कुणी म्हटलं की वर्गात हशा ठरलेला. मामाला मात्र मी ‘अंकल’ होऊ दिलं नाही. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळ्यांना एका शब्दात कोंबणारी ती भाषा, पण पत्र आमच्या मामाचं होतं. ‘मामाज लेटर’ असंच आम्ही म्हणतो.

या सगळ्याला विरोध झाला नाही असं नाही. शेजारच्या वर्गातून आवाजाबद्दल निरोप यायचे. पण एका पालकाची तक्रार माझ्या फार उपयोगी पडली. ते एका तालमीचे वस्ताद. दारात उभे राहून म्हणाले, ‘बाई, पोरगं सांगतंय इंग्लिशच्या तासाला फेटा घालून नाचतोय म्हणून. पेपरात काय लिवणार हे?’ मी त्यांना आत बसवलं आणि विचारलं, तुम्ही डाव शिकवता तो सांगून की खेळवून? ते म्हणाले, ‘सांगून डाव येतोय व्हय? अंगाला लागायला पायजे.’ मला वाटलं, जिंकले. पण ते पुढे बोलले: ‘पर नुसतं झोंबू दिलं तरी येत न्हाई. मधीच थांबवायचं. दोघांना हाय तसं धरून ठेवायचं आणि दाखवायचं, बघ, तुझा हात हितं चुकला. मग परत सोडायचं.’

मी तोवर नुसतं झोंबू देत होते. ‘मुलांना रस लागला पाहिजे’ एवढंच माझ्या डोक्यात होतं. इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत मोठा प्रयोग केला होता. मुलांना नकाशे, वेळापत्रकं, कोडी द्यायची, ती सोडवताना व्याकरण आपोआप मुरेल, नियम शिकवायला जायचं नाही. आपल्यासारख्याच भरगच्च वर्गांत कुणीतरी हे करून दाखवलं, याचा मला फार आधार वाटला होता. त्यांच्याच वाटेनं मी एसटीचं वेळापत्रक दोन भागांत फाडून जोड्यांना वाटलं. एकाकडे गारगोटीची गाडी, दुसऱ्याकडे राधानगरीची, विचारल्याशिवाय पूर्ण होणार नाही. हा खेळ मी आजही घेते, कारण ‘द बस लीव्ह्ज’मध्ये फेटा हवाच. पण नियमाबद्दल काहीच बोलायचं नाही, हे मला वस्तादांच्या भेटीनंतर पटेनासं झालं. आता खेळ ऐन रंगात असताना मी टाळी वाजवते. सगळे आहेत तिथं पुतळे. ऐकलेली दोन वाक्यं फळ्यावर लिहिते, एक बरोबर, एक चुकलेलं, कुणाचं ते न सांगता. कुठं हात चुकला ते मुलं शोधतात. दोन मिनिटं. मग परत सोडते. पेपरात त्याचा फरक पडला, आणि वस्तादांच्या मुलाच्या पेपरातही.

गुण मोजणं मी बंद केलं. गटातल्या कच्च्या मुलावर बाकीचे ओरडायला लागले की तो खेळ खेळ राहत नाही. आणि काही मुलांना खेळ आवडत नाहीत, त्यांना पुठ्ठे लिहायला द्यावे, त्यांची अक्षरं बहुधा सुरेख असतात.

एका गोष्टीला मला अजून खेळ सापडलेला नाही. ‘अ’ आणि ‘द’. मराठीत ती जागाच नाही. ‘मुलगा आला’ म्हटलं की कोणता मुलगा ते आपण बोलण्यावरून ओळखतो. इंग्रजीत आधी सांगावं लागतं: कुठला तरी असेल तर ‘अ’, तुला-मला दोघांना ठाऊक असलेला असेल तर ‘द’. चित्रं लपवून पाहिली, चिठ्ठ्या काढून पाहिल्या. खेळापुरतं येतं आणि मधल्या सुट्टीत गळून पडतं. ‘आय सॉ डॉग’. ‘गिव्ह मी पेन’.

पावसाळ्यात आमचा एक खेळ ठरलेला असायचा. जुलै लागला की कोल्हापुरातलं लहान मूलसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सांगतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. रोज सकाळी मी फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायचे आणि गटांनी उद्याचा अंदाज सांगायचा. नुसता अंदाज असेल तर ‘विल’: ‘इट विल रीच थर्टी-सिक्स.’ पण कारण हातात असेल तर ‘गोइंग टू’. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, हे पाणी भोगावतीतून इकडं येणारच, मग ‘इट इज गोइंग टू राइज.’ मुलं त्यासाठी घरी बातम्या ऐकून यायची. या दोन रूपांतला फरक इतका स्वच्छ मी दुसऱ्या कशानं शिकवू शकले नाही.

२०१९ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला शाळा बंद झाल्या. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूरचा हायवे बंद, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही, माणसं नावेतून बाहेर काढलेली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी वर्गात गेले तर फळ्यावर कोपऱ्यात शेवटच्या दिवशीचा आकडा तसाच होता आणि त्याच्याखाली चार गटांचे चार अंदाज. एका गटानं शेजारी हसरा चेहरा काढला होता. मी फळा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला. तो खेळ त्यानंतर मी घेतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. सगळी नव्हती. सुतारवाड्याकडची एक मुलगी तिसऱ्या बाकावर येऊन बसली, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी गणवेश, खांद्यावर सैल. मी कुणाला काही विचारायचं नाही असं ठरवून आले होते. म्हटलं, ज्याला बोलायचंय त्यानं बोला, कुठल्याही भाषेत. दोघा-तिघांनी मराठीत सांगितलं. मग ती उठली. ती घरातही त्या रात्रीबद्दल कुणाशी बोलली नव्हती, हे मला तिच्या मैत्रिणीनं नंतर सांगितलं.

‘वुई वर स्लीपिंग,’ ती म्हणाली. ‘वॉटर केम.’

कुणी हसलं नाही. ती उभीच राहिली. मी वाट बघत होते, तिला आणखी काही सांगायचं असेल म्हणून. खिडकीबाहेर चिखल उपसायचा आवाज येत होता. तिनं एकदा कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘मॅडम, व्हेअर इज द फेटा?’

मी किल्ली काढली.